गाठ छातीत, मग डॉक्टर काख का तपासतात?

गटांच्या बैठकांत आम्हाला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. गाठ छातीत असताना डॉक्टर काख का चाचपतात? आणि अंगात ताकद असती तर कॅन्सर झालाच नसता ना? दोन्हींची उत्तरं एकाच ठिकाणी सापडतात, म्हणून आज जरा शरीराच्या आत डोकावू या.

पायात काटा मोडला की तिथं ठणकतं, लाल होतं, पू धरतो. पू म्हणजे मुख्यतः मेलेल्या पांढऱ्या पेशी. रक्तातून फिरणाऱ्या या पेशींना काटा नेमका कुठं मोडलाय हे कळतं कसं? जखमेजवळच्या पेशी बारीक प्रथिनं सोडतात. त्यांना म्हणतात केमोकाइन. आपण त्यांना हाळी म्हणू. गुळाच्या वासानं मुंग्या याव्यात तशा पांढऱ्या पेशी हाळीच्या दिशेनं सरकतात. अशा हाळ्या चाळीसच्या वर प्रकारच्या आहेत. पण ज्या हाळीचा कान पेशीच्या अंगावर असेल, तीच तिला ऐकू येते.

कॅन्सरची गाठ म्हणजे नुसत्या कॅन्सरच्या पेशींचा गोळा नव्हे. तिच्यात रक्तवाहिन्या असतात, आधाराच्या पेशी असतात आणि आपल्याच पांढऱ्या पेशीही असतात. काही हाळ्या ऐकून कॅन्सरला मारणाऱ्या पेशी येतात, ते चांगलंच. पण शरीरात लढाई आवरती घेणाऱ्याही पेशी असतात. त्या नसत्या तर शरीर स्वतःवरच उलटलं असतं. गाठीतून त्यांनाही हाळी जाते. त्या येऊन बसल्या की मारणाऱ्या पेशींचे हात बांधले जातात. म्हणजे बाईच्या अंगात ताकद नव्हती असं नाही, आलेली ताकद तिथं गप्प केली गेली. म्हणून ‘नीट खाल्लं नाहीस, म्हणून झालं’ असं कुणी आजारी बाईला म्हणालं तर तिथंच थांबवा. आणि प्रतिकारशक्ती वाढवण्याच्या नावाखाली जे महागडे डबे विकतात, त्यांनी हे बांधलेले हात सुटत नाहीत. ते पैसे दवाखान्याच्या गाडीभाड्याला ठेवा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आता काखेचं. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं ना? तसल्या लसिकाग्रंथी काखेतही असतात, आणि स्तनातली लस बहुतेक तिकडंच वाहते. वाट जवळची आहेच. पण २००१ साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत संशोधकांनी आणखी एक गोष्ट मांडली. स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींवर सीएक्ससीआर-४ नावाचा कान असतो. त्याला ऐकू येणारी हाळी लसिकाग्रंथी, फुप्फुस, यकृत आणि हाडाचा मगज इथून जोरात येते, आणि हा कॅन्सर पसरतो तोही बहुतेक तिथंच. उंदरांमध्ये तो कान बंद केला, तेव्हा पसरणं कमी झालं. माणसांसाठी अशा औषधांवर काम चालू आहे, पण स्तनाच्या कॅन्सरच्या नेहमीच्या उपचारात ती अजून आलेली नाहीत.

तोवर आपल्या हाती आहे ते गाठ पसरण्याआधी सापडणं. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयानं १९९८ पासून दीड लाख बायांचा वीस वर्षं अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या वस्त्यांत शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी फक्त हातानं स्तन तपासत. पन्नाशी ओलांडलेल्या बायांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. मशीन नाही, सुई नाही, नुसते शिकलेले हात!

तिशीनंतर ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते. आशाताईंना दिवस विचारून ठेवा. मधल्या काळात स्तनात किंवा काखेत गाठ लागली, बोंड आत ओढलं गेलं, त्यातून रक्त आलं, किंवा कातडी संत्र्याच्या सालीसारखी दिसली, तर तपासणीच्या दिवसाची वाट पाहू नका. दुखत नाही म्हणूनही थांबू नका, कारण सुरुवातीला ही गाठ बहुतेक वेळा दुखतच नाही. एकटीला जायला संकोच वाटला तर गटातली एक जण सोबत न्या.