दुसऱ्या पालकाची सही

मे महिन्याची सुट्टी जवळ आली की घरोघरी प्रवासाचे बेत सुरू होतात. मामाचं गाव हल्ली लंडन असतं, आत्या टोरांटोला असते. मुलांना सुट्टी लागलेली, आईला रजा मिळालेली. बाबांचं ऑफिस मात्र सोडत नाही. मग ठरतं, की आई मुलांना घेऊन जाऊन येईल. तिकिटं निघतात, व्हिसा होतो, लाडू-चिवड्याचे डबे भरले जातात. राहून जातो तो एक कागद: सोबत न जाणाऱ्या पालकाचं संमतीपत्र. आज बोलायचं आहे ते त्याविषयी.

पहिला प्रश्न ठरलेला असतो. "आईच मुलांना नेतेय ना? मग तिला परवानगी कुणाची लागते?" प्रश्न रास्त आहे आणि त्यामागे जुनं दुखणंही आहे. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने मुलाचे नैसर्गिक पालक म्हणून आधी वडील आणि त्यांच्यानंतर आई, असा क्रम लावला. लेखिका गीता हरिहरन यांनी १९८४ साली मुलाच्या नावाने रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायला पालक म्हणून स्वतः सही केली, तेव्हा वडिलांची सही आणा, असं उत्तर आलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. वडील हयात असतानाही आई नैसर्गिक पालक होऊ शकते, हे स्पष्ट व्हायला १९९९ साल उजाडावं लागलं. त्यामुळे नवऱ्याचं संमतीपत्र म्हटलं की एखाद्या आईच्या कपाळाला आठी पडते, यात नवल नाही.

पण हा कागद त्या जातीचा नाही. बाबा एकटे मुलीला घेऊन निघाले, तर त्यांच्याकडेही आईचं पत्र मागितलं जातं. याचं कारण वेगळं आहे. नवरा-बायकोचं बिनसलं, की एकाने मूल उचलायचं आणि दुसऱ्या देशात निघून जायचं, असे प्रकार जगभर घडतात. ते रोखण्यासाठी १९८० साली हेग इथे एक आंतरराष्ट्रीय करार झाला. सोळा वर्षांखालचं मूल असं नेलं गेलं, तर ते ज्या देशात राहत होतं तिथे लवकरात लवकर परत पाठवायचं, हा त्याचा गाभा. शंभराहून अधिक देश या करारात आहेत. भारत नाही. विधी आयोगाने २००९ साली सामील व्हायची शिफारस केली होती. मात्र नवऱ्याच्या छळाला कंटाळून मुलासह माहेरी आलेल्या बाईला या कराराने परत पाठवलं जाईल, ही भीतीही इथे आहे आणि ती खोटी म्हणता येत नाही.

भारत करारात नसल्याचा परिणाम परदेशातल्या मराठी कुटुंबांना जाणवतो. न्यू जर्सीत घटस्फोटाचं प्रकरण सुरू असेल आणि आईला मुलाला घेऊन सांगलीला यायचं असेल, तर "मूल परत आलं नाही तर?" हा प्रश्न तिथल्या न्यायालयात विचारला जातो. शिवाय इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मुलाला पालकत्वाची जबाबदारी असलेल्या प्रत्येकाच्या संमतीशिवाय देशाबाहेर नेणं १९८४ च्या कायद्यानुसार गुन्हा ठरू शकतं. मूल ज्याच्याकडे राहील असा न्यायालयाचा आदेश आहे, त्या पालकाला अठ्ठावीस दिवसांपर्यंत सवलत आहे, तेवढीच. तेव्हा आजी-आजोबांना भेटायला लंडनहून इकडे येतानाही हे पत्र हवं.

आता आपल्याकडून जाणाऱ्यांचं पाहू. अमेरिका आणि कॅनडा या पत्राची कायद्याने सक्ती करत नाहीत. पण जवळ ठेवा, असं दोन्ही सरकारं सांगतात आणि सीमेवरचा अधिकारी ते मागू शकतो. युरोपातल्या शेंगेन देशांच्या व्हिसासाठी मुलाच्या अर्जासोबतच सोबत न येणाऱ्या पालकाचं पत्र द्यावं लागतं. दक्षिण आफ्रिकेने १ जून २०१५ पासून मुलाचा आई-वडिलांच्या नावांसह संपूर्ण जन्मदाखला आणि दुसऱ्या पालकाचं प्रतिज्ञापत्र सक्तीचं केलं. कागद नाहीत म्हणून लोकांना विमानतळावरून परत फिरावं लागू लागलं, तिथल्या पर्यटन व्यवसायाने आरडाओरडा केला आणि पुढे नियम सैल झाले. नियम असे बदलत राहतात. म्हणून शेजाऱ्यांचा गेल्या वर्षीचा अनुभव ऐका जरूर, पण त्या देशाच्या वकिलातीचा आजचा नियम स्वतः वाचा.

आपल्या मराठी घरांची एक खास अडचण आहे. मुलाच्या पासपोर्टवर त्याच्या नावाला जोडून वडिलांचं नाव येतं, पुढे आडनाव. म्हणजे मूल वडिलांचं, हे नावातच दिसतं. आईने लग्नानंतर नाव बदललेलं नसेल, तर तिच्या आणि मुलाच्या पासपोर्टवरच्या नावांत एकही शब्द सारखा नसतो. आपल्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आई-वडिलांची नावं छापलेली असतात खरी. पण अमेरिका, ब्रिटन यांच्या पासपोर्टवर ती नसतात, त्यामुळे तिकडचा अधिकारी ते पान उलटून बघेलच असं नाही. महाराष्ट्रात १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत मुलाच्या नावानंतर आईचं नाव लिहिणं बंधनकारक झालं आहे. त्याआधीच्या मुलांसाठी आईने जन्मदाखला जवळ ठेवावा, हे उत्तम. दाखल्यात बाळाचं नाव घातलेलं आहे ना, तेही पाहून घ्या. नावाची जागा कोरी राहिलेले दाखले आपल्याकडे पुष्कळ घरांत आहेत.

एक गैरसमज इथेच दूर करू. मुलाचा पासपोर्ट काढताना आई-वडिलांनी 'अ‍ॅनेक्शर डी' भरून सह्या केलेल्या असतात. काहींना वाटतं, संमती तर तेव्हाच दिली! ती संमती पासपोर्ट देण्यापुरती. अमुक तारखेला अमुक देशात जाण्याची संमती वेगळी लिहावी लागते.

मग या पत्रात काय लिहायचं? मुलाचं नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षरशः तसंच. जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक. सोबत जाणाऱ्या पालकाचं नाव आणि पासपोर्ट क्रमांक. कोणकोणते देश, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, मुक्काम कुणाकडे, तिथला पत्ता. दुबईला विमान बदलताना बाहेर पडून दोन दिवस राहणार असाल, तर तेही लिहा. मूल आजारी पडलं तर उपचारांचा निर्णय सोबतच्या पालकाने घ्यावा, असं एक वाक्य घाला. शेवटी न जाणाऱ्या पालकाचं नाव, पत्ता, फोन, ईमेल, सही आणि त्याच्या ओळखपत्राची प्रत. भाषा इंग्रजी, किंवा जिथे जायचं तिथली. सही नोटरीसमोर करायची. घरी सही करून कागद तेवढा नोटरीकडे पाठवू नका. स्टॅम्प पेपर किती रुपयांचा, ते नोटरीलाच विचारा. मूळ प्रत हातातल्या पिशवीत ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको. आणि घरी राहिलेल्या पालकाने त्या रात्री फोन उशाशी ठेवावा. अमेरिका-कॅनडात दुपार असते तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र असते आणि अधिकाऱ्याने खात्री करायला फोन केला, तर तो उचलला गेला पाहिजे.

काही देशांना नोटरीचा शिक्का पुरत नाही. त्यांना परराष्ट्र मंत्रालयाचं अ‍ॅपोस्टिल, म्हणजे सही-शिक्का खरा असल्याचं परदेशात चालणारं प्रमाणपत्र, हवं असतं. भारत या व्यवस्थेत २००५ पासून आहे. अ‍ॅपोस्टिलच्या आधी राज्य सरकारचं साक्षांकन लागू शकतं, म्हणून हाताशी वेळ ठेवा. कोकणात आणि गोव्यात बोटीवर नोकरी करणारे वडील पुष्कळ. त्यांनी बोटीवर चढण्याआधीच सही करून जावं; भर समुद्रात नोटरी मिळत नाही. आखातात असलेल्यांना तिथल्या भारतीय वकिलातीत सही साक्षांकित करून घेता येते.

सगळ्याच घरांत दुसरी सही मिळणं शक्य नसतं. जोडीदार हयात नसेल, तर मृत्यूचा दाखला सोबत हवा. घटस्फोट झाला असेल, तर हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत घ्या, आणि घेण्याआधी ती नीट वाचा. मुलाला देशाबाहेर नेण्यापूर्वी न्यायालयाची परवानगी घ्यावी, अशी अट अनेक हुकूमनाम्यांत असते. १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली न्यायालयाने नेमलेल्या पालकालाही मुलाला त्या न्यायालयाच्या हद्दीबाहेर नेण्यासाठी सहसा परवानगी घ्यावी लागते. ताब्याचा दावा चालू असेल, तर आधी वकिलाशी बोला, मग तिकीट. जोडीदार केवळ अडवणूक म्हणून सही देत नसेल, तर कौटुंबिक न्यायालयाकडे अर्ज करता येतो. खोटी सही मात्र कुणीही करू नये. ती पकडली गेली तर प्रवास तर बुडतोच. पुढे ताब्याच्या दाव्यात तोच कागद आपल्याविरुद्ध उभा राहतो.

विश्वासाने नांदणाऱ्या घरात हे पत्र लिहायला अर्धा तास पुरतो. ते मागणाऱ्या अधिकाऱ्याला आपल्या घराविषयी काही ठाऊक नसतं. समोरच्या मुलाला कुणी पळवून तर नेत नाही ना, एवढंच त्याला बघायचं असतं. उद्या आपलंच मूल कुणी न सांगता नेऊ लागलं, तर त्या काउंटरवरच्या माणसाने हाच प्रश्न विचारावा, असं आपल्याला वाटेल. तेव्हा या सुट्टीत मुलांना घेऊन एकटे निघणार असाल, तर व्हिसाच्या कागदांबरोबरच हे पत्रही तयार करा, आणि ते आपण का नेतो आहोत, हे कळत्या वयाच्या मुलांनाही सांगा. अधिकारी कधीकधी मुलांनाच विचारतात.