हॅटची मेजवानी आणि सार्वजनिक उद्यान



न्यूयॉर्क शहरात दरवर्षी मे महिन्याच्या आरंभी एक मेजवानी होते. स्थळ सेंट्रल पार्कमधील कॉन्झर्व्हेटरी गार्डन, वेळ दुपारची, आणि रिवाज असा की निमंत्रित स्त्रियांनी डोक्यावर हॅट घालून यावे. हॅट उन्हासाठी असते अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी ती सोडून द्यावी. तेथे कोणाच्या मस्तकावर फुलांचा ताटवा डोलतो, कोणाचा पिसारा शेजारणीच्या ताटापर्यंत पोहोचतो, तर कोणी फुलपाखरांचा थवाच माथ्यावर वागवते. हजाराहून अधिक पाहुणे जमतात आणि त्या एका दुपारी तीस लाख डॉलरांहून अधिक रक्कम उद्यानाच्या देखभालीसाठी गोळा होते. सेंट्रल पार्क कॉन्झर्व्हन्सी या खाजगी संस्थेच्या महिला समितीचा हा उपक्रम १९८०च्या दशकाच्या आरंभापासून चालू आहे.

मराठीत ‘टोपी घालणे’ या शब्दप्रयोगाचा जो अर्थ आहे, तो येथे कोणाच्याही ओठांवर येईल. तो मोह आवरलेला बरा. स्त्रियांच्या हौसेची टवाळी करणे हे समाजवाद्याचे काम नाही. याच न्यूयॉर्कमध्ये १९०९ साली ब्लाउज शिवणाऱ्या सुमारे वीस हजार कामगारांनी संप केला. त्यांत बहुसंख्य ज्यू आणि इटालियन स्थलांतरित तरुणी होत्या. त्यांची पुढारी क्लारा लेम्लिच हिने वृत्तपत्रात कारखान्यातील गाऱ्हाणी मांडली, तेव्हा त्यांत हॅटही होती. नवी हॅट या मुलींनाही इतर तरुणींइतकीच आवडते, परंतु कारखान्यात ती टांगायला जागा नाही आणि संध्याकाळपर्यंत तिची रया जाते, असे तिचे म्हणणे होते. तेव्हा आक्षेप हॅटवर नाही. सार्वजनिक उद्यानाचा खर्च हॅटवाल्यांच्या मर्जीवर का अवलंबून असावा, हा प्रश्न आहे.

हे उद्यान कोणाच्या देणगीतून उभे राहिलेले नाही. शहराने सार्वजनिक पैशाने जमीन घेतली. तीवर ‘सेनेका व्हिलेज’ नावाची वस्ती होती. तेथील सुमारे सव्वादोनशे रहिवाशांपैकी बहुतेक कृष्णवर्णीय होते आणि त्यांतल्या कित्येकांची स्वतःची घरे होती. १८५७ पर्यंत ती वस्ती उठवण्यात आली. सार्वजनिक हिताच्या नावाने प्रथम कोणाला उठवले जाते, हे येथे वेगळे सांगावयास नको. त्याच वर्षीच्या मंदीत बेकारांनी मोर्चे काढून या उद्यानावर काम मागितले. १८५८ साली ओल्मस्टेड आणि व्हॉक्स यांचा आराखडा निवडला गेला आणि हजारो मजुरांच्या श्रमांतून ८४३ एकरांचे उद्यान आकारास आले. श्रीमंत आणि गरीब यांनी एकत्र वावरावे अशी जागा ओल्मस्टेडला हवी होती. मेजवानीत दिला जाणारा पुरस्कार त्याच्याच नावाचा आहे. खुद्द कॉन्झर्व्हेटरी गार्डन १९३७ साली खुले झाले, तेही मंदीच्या काळात बेकारांना काम देणाऱ्या सरकारी योजनेतून. त्याच्या प्रवेशद्वाराची लोखंडी कमान मात्र व्हँडरबिल्ट कुटुंबाच्या पाडलेल्या प्रासादातून आणलेली आहे!

पुढे १९७५ साली शहर दिवाळखोरीच्या काठावर आले. सार्वजनिक खर्चाला कात्री लागली, उद्यानातील माणसे कमी झाली, हिरवळीची धूळ झाली. अशा वेळी, १९८० साली, कॉन्झर्व्हन्सी स्थापन झाली. तिने उद्यान पुन्हा उभे केले हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे; आज तेथे फिरणाऱ्या सामान्य माणसाला त्याचा लाभ मिळतो. १९९८ पासून शहराशी झालेल्या करारानुसार देखभाल तिच्याकडेच आहे आणि खर्चाचा मोठा भाग तीच उभा करते.

तथापि अशा देणग्यांवर करसवलत असते, म्हणजे त्यांचा काही भार सार्वजनिक खजिन्यावरच पडतो. फक्त पैसा कोठे जावा हे देणारा ठरवतो. २०१२ साली जॉन पॉलसन यांनी या एकाच उद्यानाला दहा कोटी डॉलर दिले. गृहकर्जांचा बाजार कोसळणार या अंदाजावर पैसे लावून २००७ साली अब्जावधी मिळवणारे हेच ते गृहस्थ. दान मोठे होते यात शंका नाही, पण ब्रॉन्क्समधल्या मैदानांच्या शेजारी असे दाते राहत नाहीत.

जोपासलेल्या हिरवळीचा आणखी एक परिणाम झाला. १९८२च्या जून महिन्यात अण्वस्त्रांविरुद्ध सुमारे दहा लाख लोक याच उद्यानात जमले होते. १९९७ साली तेथील ‘ग्रेट लॉन’चे नूतनीकरण झाले. २००४ साली इराक युद्धाच्या विरोधकांनी तेथे सभेची परवानगी मागितली, तेव्हा गवताचे नुकसान होईल असे कारण देऊन शहराने ती नाकारली. न्यायालयातही दाद लागली नाही. लाखो लोकांना रस्त्यांवरूनच मोर्चा न्यावा लागला.

२०१३ साली डॅनियल स्क्वाड्रन या राज्य सिनेटरने एक विधेयक सुचवले. मोठ्या निधीच्या उद्यानसंस्थांनी आपल्या अंदाजपत्रकातील २० टक्के वाटा गरीब वस्त्यांतील उद्यानांना द्यावा, अशी त्याची तरतूद होती. ते संमत झाले नाही. दोन वर्षांनी या संस्थांनी दुर्लक्षित उद्यानांसाठी काही पैसा आणि काही सेवा देण्याचे मान्य केले, तेही स्वेच्छेने.