चुरगळलेलं कापड तसंच राहू द्या

(नागपुरातील महिला गटांच्या चित्रकला शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी शाळेत चित्रकला शिकवत होते, आता निवृत्त आहे. फळ्यावर हात चालतो तसं माझं तोंड चालत नाही. म्हणून सकाळपासून आपण जे काढतो आहोत त्याबद्दलच बोलते.

समोर खोका, त्यावर पितळी तांब्या, दोन संत्री आणि खाली सोडलेलं जुनं सुती लुगडं. मांडणी होऊन पाच मिनिटं झाली नाहीत, तोच तुमच्यातल्या तिघी उठून लुगडं सारखं करून आल्या. एकीनं तर विचारलं, "काहून वो ताई, असा बोळा करून ठेवला?" मला हसू आलं. मग वाटलं, हसण्यासारखं काय आहे यात? कापड दिसलं की पिळायचं, झटकायचं, घडी घालायची. चुणी म्हणजे राहिलेलं काम. ती बघत बसायची गोष्ट आहे, असं आपल्याला कोणी सांगितलंच नाही.

चित्रकलेच्या जगात तरी बायकांना बघू कुठे दिलं? लंडनची रॉयल अकादमी १७६८ साली निघाली. संस्थापकांत अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर या दोघी होत्या. पण झोफनी या चित्रकारानं सभासदांचं चित्र काढलं, त्यात पुरुष नग्न मॉडेलभोवती जमलेले आणि या दोघी भिंतीवरच्या तसबिरींत! पॅरिसच्या सरकारी कलाशाळेचं दार मुलींना उघडलं ते १८९७ मध्ये. मानवी देहाचा अभ्यास नाही, म्हणजे मोठी ऐतिहासिक चित्रं नाहीत. उरली फुलं, फळं, भांडी. आणि त्याच चित्रांना कलेच्या उतरंडीत सर्वांत खालची पायरी. आधी दार लावायचं, मग म्हणायचं, बायकांना मोठं काही जमत नाही. लिंडा नॉकलिन यांनी १९७१ च्या लेखात हा प्रश्न नेमका मांडला. आपल्याकडे अंबिका धुरंधर यांनी १९३१ साली जे. जे.ची पदविका मिळवली. वडील स्वतः नामवंत चित्रकार आणि त्याच शाळेत शिक्षक. ज्यांच्या घरी असा बाप नव्हता त्या मुलींचं काय झालं असेल?

माझंच सांगते. इंटरमिजिएटच्या स्थिरचित्राच्या पेपरात मी सगळा वेळ तांब्या चकाकवण्यात घालवला आणि शेवटी कापडाला नागमोडी रेषा मारल्या, समुद्राच्या लाटांसारख्या. आज तुम्हीही बहुतेकींनी तेच केलंत.

तर आधी हे शोधा, की कापड कशावर टेकलं आहे, कुठे अडकलं आहे. घडी तिथून निघते. खोक्याच्या कोपऱ्यावरून ती पसरत खाली जाते. दोन ठिकाणी अडकवलं की मध्ये झोळी पडते. शेजारणीच्या पातळाकडे पाहा ना, खोचलेल्या जागेतून निऱ्या सरळ उतरतात आणि ती मांडी घालून बसली की गुडघ्यापासून फाकतात. कडक खळ दिलेलं कापड कोनात मोडतं. धुऊन धुऊन मऊ झालेलं नुसतं ओघळतं.

मग डोळे किलकिले करा. बारीकसारीक दिसेनासं होईल आणि उजेड-अंधाराचे मोठे भाग राहतील. ते आधी भरा, रेषेचा मोह नंतर. घडीचा सर्वांत गडद पट्टा बहुधा अगदी कडेला नसतो, जरासा आत असतो. कडेवर शेजारच्या कापडावरून परतलेला मंद उजेड असतो. तो सोडलात की घडी गोल दिसते. ओळीनं सगळ्या घड्या काढू नका, पाच-सहाच मुख्य निवडा.

एक गोष्ट सांगून थांबते. समोरचं लुगडं आपल्यातल्याच एका बाईच्या आईचं आहे. १८७७ साली सुरू झालेली आणि आता बंद पडलेली आपली एम्प्रेस मिल, तिथे ती माउली कामाला होती. लेक मघा हळूच विचारत होती, "ताई, ठिगळ काढू का सोडून देऊ?" मी म्हटलं, तिथे घडी काय करते ते बघ. ती बराच वेळ बघत राहिली. ठिगळावर कापड दुहेरी होतं, ते वाकत नव्हतं; घड्या त्याला वळसा घालून जात होत्या. तिनं तसंच काढलं. तांब्या अजून कोराच आहे तिचा.

जेवणानंतर तांब्या आणि संत्री आपण काढूनच टाकणार आहोत. फक्त लुगडं राहील. येता-जाता कोणी ते नीट करू नका.