दाराशी बसलेले मूल

(इंदुरी, ता. मावळ येथे शिक्षक, अंगणवाडी सेविका व पंचायत सदस्य यांच्यापुढे केलेल्या भाषणातील भाग)



इंद्रायणीकाठच्या आपल्या या गावात मला आज एकाच मुलाविषयी बोलायचे आहे. अंगणवाडीच्या दाराशी बसणारे हे मूल प्रत्येक गावात असते. त्याला कमी ऐकू येते, त्याचा पाय अधू असतो, किंवा एकच गोष्ट त्याला चार वेळा सांगावी लागते. पटावर त्याचे नाव असते, खाऊही मिळतो. “बसू दे बिचाऱ्याला,” असे आपण म्हणतो. या दयेपाशीच त्याचे शिक्षण थांबते.

अशा प्रसंगी काय करावे, हे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी दाखवून दिले आहे. १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले. आदिवासी पाड्यांवरची मुले बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. १९५७ पासून कोसबाडला हे कार्य वाढले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. पाने, बिया, खडे, शिंपले हीच साधने झाली. मुलांत खोट न शोधता त्यांनी शाळेची मांडणी बदलली.

तोच धडा आज दाराशी बसलेल्या मुलासाठी गिरवावयाचा आहे. कमी ऐकणाऱ्याला पुढे बसवावे आणि त्याच्याकडे तोंड करून, चेहऱ्यावर उजेड पडेल असे उभे राहून बोलावे. गोष्ट सांगताना वस्तू हाती द्यावी. सावकाश शिकणाऱ्यासाठी कामाचे लहान लहान टप्पे पाडावेत. अक्षर वाळूत बोटाने गिरवू द्यावे. यात वेगळा खर्च नाही, आणि वर्गातील इतर मुलांचाही यात लाभच आहे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांना मान्यता दिली. लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलास सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. परंतु “मला येत नाही” ही समजूत मुलाच्या मनात तिसऱ्या-चौथ्या वर्षीच रुजू लागते. कायद्याचा हा हक्क सहाव्या वर्षी सुरू होतो. त्याआधीची वर्षे आपल्या हाती आहेत.

येथे पंचायतीचे काम येते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली आरोग्य पथकाने वर्षातून दोन वेळा अंगणवाडीतील मुले तपासावयाची असतात. तपासणीत दोष आढळला, रुग्णालयाची चिठ्ठी मिळाली, तरी आईची त्या दिवसाची मजुरी बुडते आणि चिठ्ठी घरीच राहते. त्या मातेसोबत कोण जाणार, हे ग्रामसभेत ठरले पाहिजे. अंगणवाडीच्या पायरीशेजारी उतार आहे की नाही, हेही तेथेच विचारले पाहिजे.

उद्या सकाळी अंगणवाडीत जाल तेव्हा प्रथम दाराकडे पाहा. तेथे बसलेल्या मुलाला नावाने हाक मारा आणि खेळाच्या रिंगणात त्याच्यासाठी जागा करा. आपल्या कामाचा आरंभ तेथूनच व्हावा, एवढीच माझी विनंती आहे.