भुतांच्या पार्टीची हातानं केलेली पत्रिका

मी बोलतेय बेंगळुरूच्या बोम्मसंद्र्यातून. मेट्रोच्या पिवळ्या मार्गिकेचं शेवटचं स्थानक ते आमचं. आमच्या इमारतीत कन्नड, तमिळ, तेलुगू, ओडिया अशी सगळी बिऱ्हाडं आहेत. माझी लेक जूनमध्ये सांगलीहून इथं आली, तिसरीत. ऑक्टोबर उजाडला तरी तिला खेळायला कुणी नव्हतं.

म्हणून ३१ ऑक्टोबरला घरी हॅलोविनची पार्टी ठरवली. निमंत्रण व्हॉट्सॲपवर एका मिनिटात गेलं असतं. पण त्या ग्रुपवर आम्ही आया असतो, मुलं नसतात. दार लेकीनंच वाजवायला हवं होतं.

सासूबाई म्हणाल्या, “भुतांची कसली गं पार्टी?” त्यांना सांगितलं, आयर्लंडमध्ये या रात्री सलगम कोरून आत दिवा ठेवायचे, अमेरिकेत गेल्यावर सलगमचा भोपळा झाला. मग घड्या घालायला त्याच बसल्या.

आता कृती. ए-फोर मापाचे सात नारिंगी कार्डशीट घ्या. प्रत्येकाचे मधोमध दोन तुकडे केले की चौदा होतात. तुकडा मधोमध दुमडा आणि घडीवरून बांगडी दाबून फिरवा, धार येते. घडीच्या बाजूनं, मधोमध, दोन सेंटिमीटर अंतरावर दोन सेंटिमीटरचे दोन छेद द्या. कार्ड उघडून मधली पट्टी आत ढकला, पायरी तयार होते. काळा घोटीव कागद दुमडून अर्धंच वटवाघूळ काढा आणि कापा. उलगडलं की दोन्ही पंख सारखे. ते पायरीवर चिकटवा. आकार लहानच ठेवा, नाहीतर कार्ड मिटल्यावर बाहेर डोकावतं. गोंद बेताचा लावा, कागद सुरकुततो. एखाद्या घरी भूत-वटवाघूळ चालत नसेल, तर तिथं चांदणी लावा.

आत दिवस, वेळ, घर क्रमांक लिहा आणि एक ओळ: ‘घरातली जुनी चादर पांघरून या, विकत काही आणू नका.’ पोशाखाच्या खर्चापायी कुणाचं येणं अडू नये.

लेकीला कन्नडमध्ये ‘बन्नी’, म्हणजे ‘या’, लिहायचं होतं. ती समोरच्या घरातल्या मुलीकडे विचारायला गेली. ती मुलगी सगळ्या पत्रिकांवर लिहून देत जेवणाच्या वेळेपर्यंत आमच्याकडेच होती.

मुलं बारा आणि पत्रिका चौदा का? दोन कोऱ्या ठेवाच. दार उघडलं की धाकटी भावंडंही हात पुढं करतात.