दप्तराचे मूळ

शाळकरी मुलाच्या खांद्यावरील ज्या पिशवीस आपण दप्तर म्हणतो, तो शब्द सरकारी कागदपत्रांच्या संग्रहासाठी फारसी अंमलात रूढ झाला, आणि त्याचे मूळ थेट प्राचीन ग्रीकांच्या ‘डिफ्थेरा’ या, म्हणजे लेखनासाठी कमावलेल्या कातड्याच्या नावापर्यंत पोहोचते. हवालदार या शब्दातही अरबी ‘हवाला’ आणि फारसी ‘दार’ यांचा संयोग आहे. शिवछत्रपतींच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशाने अशा यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द योजले, हा उपक्रम थोरच होय. तथापि लोकांच्या जिभेवर रुळलेले कितीतरी शब्द हटले नाहीत, आणि त्यात मराठीची हानी झाली असे मला वाटत नाही. पुढे मोल्सवर्थने कँडी बंधूंच्या व एतद्देशीय पंडितांच्या साहाय्याने १८३१ साली प्रसिद्ध केलेल्या कोशात शब्दांपुढे संस्कृत, फारसी, अरबी अशा मुळाच्या खुणा घातल्या, आणि कृ. पां. कुलकर्णी यांचा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ १९४६ साली अवतरला, तो सर्वस्वी याच शोधाला वाहिलेला. हे कोश ग्रंथालयांत आहेत. एखाद्या शब्दाविषयी जिज्ञासा जागी झाली, तर ते अवश्य उघडून पाहावेत.