शिट्टी थांबल्यानंतरची शिस्त

(जुना जालना येथील पालक मेळाव्यातील भाषणाचा संपादित अंश)



परीक्षा संपल्या की घरोघरी एकच प्रश्न उभा राहतो : मुलांना दोन महिने कुठे गुंतवायचे? मग वर्गांमागून वर्ग लागतात आणि उरलेला वेळ मोबाइल गिळतो. मुलाला स्वतःहून काही ठरवण्याची संधी मात्र क्वचितच मिळते.

न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे १९७२-७३ साली जन्मलेल्या सुमारे एक हजार मुलांचा दीर्घ अभ्यास झाला. बालपणी ज्यांचा स्वतःवर अधिक ताबा होता, त्यांचे आरोग्य व आर्थिक स्थिती ३२व्या वर्षी सरस आढळली, असा निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाला. बुद्धिमत्ता आणि घरची परिस्थिती लक्षात घेऊनही हा फरक उरला. आपल्याकडे या गुणाला संयम म्हणतात.

तो उपदेशाने नव्हे, सरावाने वाढतो. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून व्यायामातून पिढ्या घडवीत आले आहे. मल्लखांबावर चढलेल्या मुलाला श्वास, भीती आणि तोल स्वतःच सांभाळावा लागतो. चूक झाली की खांबच सांगतो. कुणी ओरडावे लागत नाही.

संघाचा पहिला उन्हाळी वर्ग नागपुरात १९२७ साली झाला. शिबिरे आपल्याला नवी नाहीत, म्हणूनच स्पष्ट बोलतो. शिट्टी वाजताच शंभर मुले रांगेत उभी राहतात, हे दृश्य सुखावते. पण ती शिस्त शिक्षकाची असते. शिट्टी थांबल्यावर जी उरते, ती मुलाची. प्रत्येक क्षण आपणच आखला, तर मुले आज्ञाधारक होतील, स्वयंशासित होणार नाहीत.

२०१२-१३ चा दुष्काळ जालनेकर विसरलेले नाहीत. शिबिरात प्रत्येकाला अंघोळ, कपडे आणि ताट यांसाठी दिवसाला मोजून एक बादली पाणी द्यावे. सकाळी उधळले, तर सायंकाळी फजिती ठरलेली. दोन दिवसांत मूल स्वतःच हिशेब करू लागेल. गटात भांडण झाले, तर ताई-दादांनी लगेच निवाडा देऊ नये. मात्र पिण्याच्या पाण्याला मर्यादा नको. आणि मे महिन्यात पारा ४० अंशांपुढे जातो, तेव्हा मैदान पहाटे व सायंकाळीच असावे.

दहा दिवसांत स्वभाव पालटत नाही. म्हणून परतलेल्या मुलाची पिशवी आईने उपसू नये. त्याची त्यालाच आवरू द्यावी.

समर्थांचे जन्मगाव जांब आपल्याच जिल्ह्यात आहे. त्यांच्या बलोपासनेला विवेकाची जोड होती. मुलांच्या अंगी बळ येईलच. ते आवरण्याचे बळही त्यांना मिळू द्या.